स्कायरिमचे नऊ होल्ड : सीमा नद्यांनी आखल्या की माणसांनी?

नकाशेवाला

मंडळी, नमस्कार.

गेले दोन महिने धाकट्या चुलतभावाबरोबर स्कायरिम हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळतोय. खेळ आला ११ नोव्हेंबर २०११ ला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हा पहिलीत. परवा खेळता खेळता त्यानं विचारलं, "दादा, व्हाईटरनला बंदर नाही, मोठी खाण नाही. मग दोन्ही बाजू याच एका गावासाठी एवढ्या का झटतात?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता. मग नकाशा पसरून बसलो.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. टॅमरिएल नावाचा खंड, त्यात नऊ प्रांत. अगदी उत्तरेचा थंड, डोंगराळ प्रांत म्हणजे स्कायरिम. पश्चिमेला हाय रॉक, नैऋत्येला हॅमरफेल, दक्षिणेला साम्राज्याचं घर सिरोडील, पूर्वेला मोरोविंड, उत्तरेला गोठलेला भुतांचा समुद्र. स्कायरिमचे पुन्हा नऊ होल्ड. होल्डला सुभा म्हणा हवं तर, पण सुभेदार वरून नेमला जातो, इथला यार्ल आपल्या गादीवर बसतो. सगळे यार्ल मिळून 'मूट' भरवतात आणि महाराजा निवडतात. खेळ सुरू होतो चौथ्या युगाच्या २०१ व्या वर्षी. तेव्हा महाराजा टॉरिगला विंडहेल्मच्या यार्ल उल्फ्रिकनं मारलेलं असतं आणि प्रांत दुभंगलेला असतो. सॉलिट्यूड (हाफिंगार होल्ड), मार्कार्थ (रीच), मॉर्थल (हियालमार्च), फॉकरीथ साम्राज्याकडे. विंडहेल्म (ईस्टमार्च), विंटरहोल्ड, डॉनस्टार (पेल), रिफ्टन (रिफ्ट) उल्फ्रिककडे. मधोमध व्हाईटरनचा यार्ल बालग्रूफ, कुणाचाच नाही.

माझं म्हणणं असं : हे सगळं पाण्यानं ठरवलंय. पश्चिमेचं पाणी कार्थ नदीतून सॉलिट्यूडच्या पायथ्याशी समुद्राला मिळतं, पूर्वेचं पाणी व्हाईट नदीतून विंडहेल्मला. दोन नद्या, दोन मुखं, दोन राजधान्या, दोन पक्ष. व्हाईटरन बसलंय व्हाईट नदीच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे पूर्वेच्या पाण्यावर पण पश्चिमेच्या वाटेवर. म्हणून ते कुणाचंच नाही आणि सगळ्यांना हवंय.

पटतंय का? हातानं काढलेला नकाशा खाली जोडलाय.

---

मुलुंडकर

नकाशा दिसत नाही, गणेशा झालाय. लेख आवडला. वाचनखूण साठवली.

---

रानवाटा

व्हाईट नदीबद्दल शंभर टक्के सहमत. मी हा खेळ खेळले तीच मुळी नद्यांसाठी. इलिनाल्टा तलावापासून निघायचं आणि काठ न सोडता थेट समुद्रापर्यंत चालत जायचं, असा माझा एक अख्खा रविवार गेलाय. तलाव फॉकरीथच्या देवदारांत. पुढे रिव्हरवूडची लाकूडगिरणी. मग नदी धबधब्यांवरून व्हाईटरनच्या मोकळ्या माळावर उतरते आणि पूर्वेला वळते. तिथून एका अरुंद घळीत शिरते आणि घळीच्या तोंडाशी व्हॅल्थाइमचे दोन बुरूज, मध्ये दगडी पूल. दरोडेखोर तिथे उभे राहून जकात मागतात, २०० नाणी.

ती जकातच सांगते ना सगळं? दरोडेखोर रिकाम्या रस्त्यावर नाकं उभारत नाहीत. व्हाईटरनहून पूर्वेला जायची मुख्य वाट हीच.

---

भूगोल_मॅडम

धागा सुंदर. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. मुलगा खेळतो, मी शेजारी बसून नकाशा बघते.

नकाशेवाला, तुमचा विचार मोहक आहे, पण त्यात एक मोठी अडचण आहे. होल्ड जर पाण्यानं ठरले असते तर एका खोऱ्याचा एक होल्ड झाला असता. रानवाटानं वर्णन केलेली एकच व्हाईट नदी तीन होल्डांतून जाते : फॉकरीथ, व्हाईटरन, ईस्टमार्च. कार्थही रीचमध्ये वाढते आणि हाफिंगारला जाऊन संपते. म्हणजे नद्या होल्ड तोडत नाहीत, जोडतात. तोडतात ते डोंगर. रिफ्ट बघा. तो एक उंच पठारी प्रदेश आहे, सोनेरी पानांच्या बर्चचा. तिथलं पाणी हॉन्रिक तलावातून ट्रेव्हा नदीनं गीअर तलावात येतं आणि मग कड्यावरून खाली ईस्टमार्चच्या गरम झऱ्यांच्या मैदानात कोसळतं. त्या कड्याच्या वर रिफ्ट, खाली ईस्टमार्च. सीमा कड्यानं आखली, नदीनं नाही.

घाट आणि खिंडी मोजा. उत्तर तिथे सापडेल.

---

नकाशेवाला

मॅडम, कड्याचा मुद्दा बिनतोड आहे. रिफ्टचं पाणी शेवटी व्हाईट नदीलाच मिळतं, हे मी माझ्या बाजूचा पुरावा धरून चाललो होतो. तो दोन्हीकडून वाचता येतो हे लक्षात आलं नाही. पण पक्ष कसे पडले याला तर माझं गणित लागू पडतं ना? रिफ्टचं पाणी विंडहेल्मला जातं, रिफ्टन उल्फ्रिकबरोबर आहे.

(नकाशा पुन्हा चढवलाय.)

---

काळा_कोल्हा

आणि फॉकरीथचं पाणी? इलिनाल्टा फॉकरीथमध्ये आहे, म्हणजे तेही व्हाईट नदीचंच खोरं. ते मात्र साम्राज्याबरोबर.

---

मुलुंडकर

आता दिसला नकाशा. काय सुरेख काढलाय हो! कार्थच्या मुखावरची ती दगडी कमान आणि तिच्यावर सॉलिट्यूड, अगदी तस्संच.

---

टुंड्रातला_सिद्धू

सगळे सीमांबद्दल बोलतायत म्हणून एक गोष्ट सांगतो. खेळातला नकाशा उघडा. डोंगर दिसतील, ढग दिसतील, शहरांवर होल्डची चिन्हं दिसतील. सीमेची रेघ कुठेच नाही. एकही नाही!

मग सीमा कळते कशी? गुन्ह्यानं. प्रत्येक होल्ड तुमचे अपराध वेगळे मोजतो. व्हाईटरनमध्ये कोंबडी मारली तर व्हाईटरनचे शिपाई पाठीमागे लागतात, फॉकरीथच्या हद्दीत पाऊल टाकलं की तिथल्या शिपायाला त्याचं काही देणंघेणं नसतं. दुसरी खूण म्हणजे शिपायांची ढाल आणि अंगावरच्या कपड्याचा रंग. मी एकदा हेल्गेनकडून रिव्हरवूडकडे उतरताना हेच तपासत होतो. हेल्गेन फॉकरीथचं, रिव्हरवूड व्हाईटरनचं. मध्ये दहा मिनिटांची उतरण. ना नदी आडवी, ना डोंगर. तरी कायदा बदलतो.

राज्य म्हणजे जमीन नाही, कुणाचा शिपाई कुठपर्यंत येतो ते, असं मला तेव्हापासून वाटतं.

---

रानवाटा

सिद्धू, हे फार छान सांगितलंस. आणि रिव्हरवूडवरून आठवलं. खेळाच्या सुरुवातीला ड्रॅगननं हेल्गेन जाळल्याची बातमी आपण बालग्रूफला देतो. त्याची अंगरक्षक आयरिलेथ म्हणते रिव्हरवूडला लगेच शिपाई पाठवा. तेव्हा कारभारी प्रोव्हेंटस घाबरतो, की फॉकरीथचा यार्ल याला चिथावणी समजेल, त्याला वाटेल आपण उल्फ्रिकला मिळून त्याच्यावर चालून जातोय. बालग्रूफ त्याचं ऐकत नाही आणि शिपाई पाठवतो.

पहिल्या अर्ध्या तासात सगळं राजकारण सांगून टाकलंय. आपल्याच गावात आपलेच दहा शिपाई पाठवायचे तरी शेजाऱ्याला काय वाटेल याचा विचार करावा लागतो, अशी ती सीमा. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा ते संवाद घाईघाईनं पुढे ढकलले होते. दुसऱ्यांदा ऐकताना थांबले.

---

सातारी_ड्रॅगन

+१. प्रोव्हेंटसला भित्रा म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. माणूस बरोबर बोलत होता.

---

जुना_खेळिया

धागा उशिरा बघितला. पाण्याचं राहू द्या, यापेक्षा जुना पुरावा देतो.

१९९८ साली याच 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेत 'रेडगार्ड' नावाचा खेळ आला होता. त्याच्या खोक्यात एक छोटी पुस्तिका होती, साम्राज्याची ओळख करून देणारी. त्यात स्कायरिमच्या चार होल्डांना 'जुने होल्ड' असं वेगळं नाव दिलंय. कोणते चार? विंटरहोल्ड, ईस्टमार्च, रिफ्ट आणि पेल. हे चार प्रदेश भूगोलामुळे आणि स्वतःच्या मर्जीनं बाकी स्कायरिमपासून अलग राहिले आणि जुन्या चालीरीती धरून बसले, असा त्याचा मथितार्थ.

आता २०११ च्या खेळात उल्फ्रिकच्या बाजूचे चार बघा. तेच चार! तेरा वर्षांपूर्वी छापलेल्या ओळीवरून युद्धाची फाळणी आखली गेली. आकड्यांचा मेळ घालण्यासाठी समोरासमोर चार-चार ठेवले असतील असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. ती पुस्तिका पुन्हा वाचली आणि कान पकडले.

म्हणून नकाशेवाला, तुमचं दोन मुखांचं गणित खोटं नाही, पण अर्धं आहे. त्या पुस्तिकेनं दोन कारणं दिलीत, भूगोल आणि मर्जी. दुसरं विसरू नका.

---

नकाशेवाला

जुना_खेळिया, अहो हे सोनं आहे! 'भूगोलामुळे आणि मर्जीनं'. काळा_कोल्हानं फॉकरीथवरून मला पकडलं होतं त्याचं उत्तरही यात आहे. फॉकरीथ त्याच खोऱ्यात असूनही सिरोडीलच्या दाराशी आहे. पेल पास नावाची खिंड (पेल होल्ड वेगळा) तिथेच उतरते. पाणी उत्तरेला वाहतं, पण माणसांचं येणंजाणं दक्षिणेला.

---

अनघा_पेणकर

कुणीच रीचबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते आहे. मला त्या होल्डबद्दल फार वाटतं.

वर सगळे म्हणतायत नदी, डोंगर, खिंड. रीचमध्ये हे तिन्ही आहे आणि तरी तिथला प्रश्न यांतल्या कशानंच सुटत नाही. कारण तिथे सीमा जमिनीवर नाही, लोकांमधून जाते. रीचचे मूळ रहिवासी नॉर्ड, म्हणजे स्कायरिमचे बहुसंख्य लोक, नाहीत. हाय रॉकच्या ब्रेटनांशी त्यांचं रक्ताचं नातं, आणि पश्चिम रीच नावाचा प्रदेश सीमेपलीकडे हाय रॉकमध्येही आहे. म्हणजे एका समाजाच्या मधून दोन प्रांतांची हद्द गेलेली. मार्कार्थ शहर बांधलं त्याहून तिसऱ्यांनीच, आता नाहीशा झालेल्या ड्वेमरांनी. नॉर्ड तिथे मालक म्हणून राहतात.

साम्राज्य एल्फांशी महायुद्ध लढत होतं तेव्हा, चौथ्या युगाच्या १७४ मध्ये, रीचच्या लोकांनी मार्कार्थ घेतलं आणि दोन वर्षं स्वतःचं राज्य चालवलं. १७६ मध्ये उल्फ्रिकनं फौज नेऊन ते मोडलं. त्याला बदल्यात टॅलोस या नॉर्डांच्या देवाची उघड पूजा करण्याचं वचन मिळालं होतं. थाल्मोरांना, म्हणजे एल्फांच्या सत्ताधाऱ्यांना, हे कळल्यावर साम्राज्यानं वचन मोडलं आणि उल्फ्रिकला कैद झाली. आज चालू असलेल्या युद्धाची ठिणगी तिथली आहे. म्हणजे पूर्व विरुद्ध पश्चिम या भांडणाचं मूळ पश्चिमेच्या टोकाला, तेही अशा लोकांच्या जमिनीवर ज्यांना या दोघांपैकी कुणीच नको होतं.

आणि त्यांचं काय झालं? उरलेले डोंगरात गेले, फोर्सवॉर्न नावाचे बंडखोर झाले. काही सिड्ना खाणीत चांदी काढतायत, खाण एका नॉर्ड घराण्याची. खेळात तुम्ही साम्राज्य निवडू शकता, उल्फ्रिक निवडू शकता. रीचचं राज्य निवडता येत नाही. नकाशेवाला, तुमच्या नकाशावर दोन रंग आहेत. तिसरा हवा.

---

टुंड्रातला_सिद्धू

अनघाताई, मी सिड्ना खाणीत फोर्सवॉर्नच्या म्होरक्याला, मॅडानाकला मारलं होतं, कारण तो पर्याय सोपा वाटला. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री जुनी सेव्ह काढली आणि या वेळी त्याच्याबरोबर बाहेर पडलो.

---

भूगोल_मॅडम

अनघा, टाळ्या. वर्गात हे सांगता येईल इतकं नेमकं लिहिलंयस.

---

बे_एरिया_ओमकार

थोडं लांबून बघू या. सगळे स्कायरिमच्या आतच फिरताय, जरा अख्खा टॅमरिएल समोर घ्या.

चौथ्या युगाच्या २०१ मध्ये साम्राज्याकडे नऊपैकी तीनच प्रांत उरलेत : सिरोडील, स्कायरिम, हाय रॉक. समरसेट, व्हॅलेनवूड आणि एल्सवेअर एल्फांच्या आल्डमेरी संघाच्या छत्राखाली. त्यातलं एल्सवेअर तर ११५ मध्येच दोन राज्यांत फुटलेलं, अनेक्विना आणि पेलेटीन. मोरोविंडमध्ये युगाच्या पाचव्या वर्षी रेड माउंटन ज्वालामुखी फुटला, राखेखाली देश गेला आणि त्यावर दक्षिणेकडून आर्गोनियन चालून आले. हॅमरफेलचा दक्षिण भाग १७५ च्या तहात साम्राज्यानं परस्पर देऊन टाकला. तिथल्या लोकांनी तह झुगारला, एकटे लढले आणि १८० मध्ये एल्फांना माघारी लावलं.

आता या तीन उरलेल्या प्रांतांची जागा बघा. हाय रॉकला जमिनीवरून दोनच शेजारी, हॅमरफेल आणि स्कायरिम. हॅमरफेल साम्राज्याबाहेर. म्हणजे सिरोडीलहून हाय रॉकला साम्राज्याच्या जमिनीवरून जाणारी एकच वाट उरते, स्कायरिममधून. फॉकरीथची खिंड उतरायची आणि रीचमधून पश्चिमेला बाहेर पडायचं. म्हणून साम्राज्याकडचे चार होल्ड कुठे आहेत बघा. फॉकरीथ आणि रीच हा तो रस्ता. हाफिंगार हे बंदर. उल्फ्रिक जिंकला तर साम्राज्याचा एक प्रांत जातो असं आपण म्हणतो. खरं तर एक जातो आणि दुसरा सुटा पडतो.

---

काळा_कोल्हा

ओमकार, हा मुद्दा इतक्या वर्षांत कुठेच वाचला नव्हता. दंडवत.

---

सातारी_ड्रॅगन

अवांतर : 'जगाचा घसा' हा डोंगर चढायच्या सात हजार पायऱ्या कुणी मोजल्यात का? मी इव्हारस्टेडपासून मोजत निघालो आणि बर्फाळ ट्रोलनं मध्येच गणती मोडली.

---

रानवाटा

मोजल्यात खूप जणांनी. हजारही भरत नाहीत. पण चढताना सात हजार वाटतात, तेवढं पुरे. आणि ट्रोल सगळ्यांची गणती तिथेच मोडतो!

---

जुना_खेळिया

पायऱ्यांवरून आकाराचा विषय निघालाच आहे तर. अख्खं स्कायरिम आपण चालतो ते जेमतेम ३७ चौरस किलोमीटर. १९९६ च्या डॅगरफॉल या खेळात हाय रॉक आणि हॅमरफेलमधल्या इलियाक उपसागराभोवतालचाच भाग होता, पण तो ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जायचं. त्यात ४४ प्रदेश होते आणि खेळाचे अनेक शेवट. पुढचा खेळ करताना यातला खरा शेवट कोणता असा पेच पडला. निर्मात्यांनी सगळेच खरे ठरवले. काळ क्षणभर फाटला, सगळं एकाच वेळी घडलं आणि ते छोटे प्रदेश चार राज्यांत विलीन झाले : डॅगरफॉल, वेरेस्ट, सेंटिनेल, ऑर्सिनियम. सीमा बदलायची इतकी देखणी तऱ्हा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही.

पण राजकीय भूगोल अंगात मुरला तो २००२ च्या मोरोविंड या खेळात. तिथे नकाशावर बोट ठेवून उडी मारता यायची नाही. हलालू घराण्याच्या बालमोरातून रेडोरानांच्या आल्ड-रूनला जायचं तर सिल्ट स्ट्रायडर हे लांब पायांचं कीटकवाहन, टेल्व्हानी जादूगारांच्या सॅड्रिथ मोराला जायचं तर नाव. कोणतं वाहन कुठे थांबतं हे पाठ झालं की कुणाचं कुणाशी पटतं हेही पाठ व्हायचं.

---

कोकणी_मेवा

विंटरहोल्डला कुणी विचारतच नाही. चौथ्या युगाच्या १२२ मध्ये त्या शहराचा मोठा भाग समुद्रात कोसळला. एकेकाळी विंडहेल्मच्या तोडीचं शहर, आता चार घरं, एक खानावळ आणि कड्यावर एकटं उभं असलेलं विद्यापीठ. यार्ल कोरीर सगळा दोष विद्यापीठाला देतो. मी पहिल्यांदा तिथे रात्री पोचले होते, हिमवादळात. खानावळीत गाणं चालू होतं आणि बाहेर शहर नव्हतंच. गाव नाहीसं झालं तरी होल्ड उरतो, यार्ल उरतो, मूटमधलं त्याचं एक मत उरतं. बाकी सगळ्या होल्डांना जमीन आहे, माणसं आहेत. याला फक्त नाव आहे.

---

नकाशेवाला

कोकणी_मेवा, विंटरहोल्डचा तुकडा नकाशावर पुसट रंगवणार आता. अनघाताई, रीचसाठी तिसरा रंग घातलाय, हिरवा. ओमकार, पेल पास ते रीच ही वाट लाल रेघेनं दाखवलीय.

एक सांगतो. हाय ह्रोथगार मठात तहाची सभा भरते तो प्रसंग कालच खेळलो. तिथले साधू, ग्रेबिअर्ड, मध्ये बसतात, एका बाजूला साम्राज्याचा सेनापती जनरल टुलियस आणि सॉलिट्यूडची यार्ल एलिसिफ, दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक. आणि सौदा कशाचा होतो? मार्कार्थ इकडे द्या, रिफ्टन तिकडे द्या. बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखे होल्ड हलतात. मार्कार्थ उल्फ्रिकला गेलं तर यार्ल इगमुंडला गाशा गुंडाळून सॉलिट्यूडला आश्रयाला जावं लागतं. त्याला त्या मेजावर कुणी विचारत नाही. हे खेळताना माझ्या मनातला पाण्याचा सिद्धांत जरा बाजूला पडला. ज्या जागा हजारो वर्षांच्या खडकांनी ठरल्या त्या एका दुपारी शब्दांनी फिरल्या.

---

धाकटा_भाऊ

नमस्कार. प्रश्न विचारणारा तो चुलतभाऊ मी. दादानं धागा दाखवला, सगळे प्रतिसाद वाचले. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मला मिळालं नाही, म्हणून स्वतः करून बघितलं.

सॉलिट्यूडहून विंडहेल्मला दोन वेळा चालत गेलो. घोडा नाही, २० नाण्यांची गाडी नाही, नकाशावरून उडीही नाही. फौज जाईल तसा, रस्त्यानं.

पहिल्यांदा उत्तरेच्या रस्त्यानं. ड्रॅगन ब्रिजनंतर मॉर्थलची दलदल लागली, तिथे स्नोहॉक किल्ल्यात मुडदे उठवणारे मांत्रिक. पुढे पेलमध्ये डन्स्टाड किल्ला. तो रस्त्याच्या बाजूला नाही, रस्ताच त्याच्या आतून जातो, आणि आत दरोडेखोर. त्यानंतर बर्फ. एवढा सगळा वेळ मला एकही शेत दिसलं नाही.

दुसऱ्यांदा खालच्या रस्त्यानं. ड्रॅगन ब्रिजवरून दक्षिणेला, रोरिकस्टेड, व्हाईटरन, व्हॅल्थाइम, विंडहेल्म. रोरिकस्टेडला शेतं. व्हाईटरनच्या तटाबाहेर ओळीनं तीन शेतं आणि मद्याची भट्टी. पाणी बारमाही. बर्फ जवळजवळ नाही.

मग व्हाईटरनच्या राजवाड्याच्या, ड्रॅगन्सरीचच्या मागच्या सज्जात उभा राहिलो, जिथे न्यूमिनेक्स ड्रॅगनला कोंडलं होतं, आणि दादाच्या नकाशावर शेजारी मोजले. रीच, फॉकरीथ, रिफ्ट, ईस्टमार्च, पेल, हियालमार्च. आठपैकी सहा होल्ड व्हाईटरनला लागून. सुटतात ते फक्त हाफिंगार आणि विंटरहोल्ड.

युद्धाचा क्रमही पाहिला. साम्राज्याकडून लढलात तर व्हाईटरन राखल्याशिवाय डन्स्टाड, ग्रीनवॉल, अमोल हे किल्ले घ्यायला पाठवतच नाहीत. उल्फ्रिककडून लढलात तर व्हाईटरन घेतल्यावरच न्यूग्राड, संगार्ड, स्नोहॉक, ह्रॅगस्टाड. पहिली मोठी लढाई दोन्हीकडून तिथेच.

मला वाटतं व्हाईटरनकडे खाण नाही, पण त्याच्याकडे धान्य आहे. चांदी खाऊन फौज चालत नाही.

---

भूगोल_मॅडम

बाळा, हे काम मी माझ्या वर्गात दाखवणार आहे. दोनदा पायी चालून बघितलंस! घाट आणि खिंडी मोजा असं मी सांगितलं होतं, तू शेतं मोजलीस. ते माझ्याकडून राहून गेलं होतं.

---

जुना_खेळिया

धाकट्या भावाच्या उत्तरात एकच भर. व्हाईटरनची सगळ्यांत जुनी इमारत जॉरव्हास्कर, म्हणजे उलटं केलेलं जहाज. दंतकथेतल्या यसग्रामोरच्या पाचशे साथीदारांपैकी एका टोळीनं ते जहाज समुद्रापासून जमिनीवरून वाहून आणलं आणि आकाशभट्टीशेजारी पालथं घातलं, त्याचं छप्पर झालं. समुद्रातून आलेल्या माणसांनी आपलं जहाज पालथं करून बसावं, अशी ती जागा. शेतं दिसली असतील त्यांना.

---

अनघा_पेणकर

आणि म्हणूनच बालग्रूफ इतके दिवस कुंपणावर बसू शकला. ज्याच्याकडे धान्य आणि सहा दरवाजे आहेत त्याला दोघंही आधी विचारतात, मग तलवार काढतात. शेवटी कुऱ्हाडीची देवाणघेवाण, म्हणजे युद्धाचं आव्हान, होतेच, पण तोवर त्याच्या गावात बाजार भरत होता. मुलं खेळत होती. मला तो यार्ल आवडतो.

---

सातारी_ड्रॅगन

बालग्रूफसाठी +१००. त्याच्या शिपायांसाठीही. गुडघ्यात बाण लागूनसुद्धा ड्युटी सोडली नाही कुणी.

---

नकाशेवाला

शाब्बास रे भावा. मी नकाशावर बसून राहिलो, तू चालून आलास.

माझं पाण्याचं गणित आता असं लिहितो : नदीनं व्हाईटरनला शेत दिलं, डोंगरांनी बाकीच्यांना वेगळं ठेवलं आणि रस्ते माळावर येऊन मिळाले. पक्ष पडले ते जुन्या होल्डांच्या मर्जीनं आणि मार्कार्थच्या मोडलेल्या वचनानं. नवा नकाशा वर चढवलाय, तीन रंग, लाल वाट आणि शेतांच्या खुणांसकट. काही चुकलं असेल तर सांगा, रविवारी छापून भिंतीवर लावणार आहे.

---

रानवाटा

छापण्याआधी एक. यॉर्ग्रिम नदी तू पेलमधून थेट समुद्राला नेऊन सोडलीयस. ती पूर्वेला वाहते आणि विंडहेल्मजवळ व्हाईट नदीला मिळते. मी तिच्याही काठानं गेलेय.

---

नकाशेवाला

दुरुस्त केली. धन्यवाद!